राजमा, तीन चेहरे आणि ‘पक्का?’

आमच्या रिपोर्टच्या शेवटी एक रकाना असतो, ‘इतर निरीक्षणं’. तो कोणीच वाचत नाही हे कळल्यापासून आम्ही तो भरायचं सोडून दिलं. जे तिथं लिहायला हवं ते सगळं मी आणि रेहाना नोएडाच्या ऑफिसातून घरी द्वारकेला येताना मेट्रोत एकमेकींना सांगतो. ब्लू लाइन चांगली लांब आहे, तरी द्वारका येतं आणि किस्से उरतातच. उरलेले दुसऱ्या दिवशी. असं करत करत इतके साठलेत की आता तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

आधी माणसं सांगून टाकते, म्हणजे मध्येच ‘ही कोण?’ असं विचारायला नको. मी उज्ज्वला. पुण्यात शाळेत गणित शिकवत होते, नवऱ्याच्या बदलीबरोबर दिल्लीत आले आणि इथलीच झाले. भाजीवाल्याशी हिंदीत भांडते, नवऱ्याशी मराठीत. रेहाना शेख मिरजेची. कोणत्या शाळेत कोणी जायचं, टेस्ट कशी घ्यायची, नियम काय, हे सगळं तिच्या ताब्यात. केदार आमचा डेटावाला, एकटा राहतो, आणि मुलं त्याला फक्त एक्सेलमध्ये आवडतात. आणि आम्हा सगळ्यांवर विक्रम सर, कंपनीचे फाउंडर. आयुष्यात एकाही पोराला शिकवलेलं नाही, पण ‘किड्स’ हा शब्द असा प्रेमाने उच्चारतात की पालक विरघळतात. सरांना मराठी येत नाही, ही आमच्यावर देवाची मोठी कृपा.

आमचं काम काय, तर तिसरीतल्या मुलांची संख्येची जाण तपासायची. पाढे पाठ आहेत का ते नाही. एखादी संख्या साधारण केवढी असते, हे पोराला उमगतं का ते. आणि सोबत गणितातला आत्मविश्वास. तो मोजायची सरांची युक्ती अशी : मुलाने उत्तर दिलं की विचारायचं, ‘पक्का?’ मग टॅबलेटवरच्या तीन चेहऱ्यांपैकी एक दाबायला सांगायचं. हसरा म्हणजे पक्का, मख्ख म्हणजे थोडंथोडं, रडका म्हणजे अजिबात नाही. झाला आत्मविश्वास मोजून. नवऱ्याला मी इतकी वर्षं ओळखते, मला त्याचा अजून मोजता आलेला नाही.

\*

द्वारकेतल्या एका मोठ्या शाळेने आम्हाला बोलावलं. आमच्या टेस्टवरून तिसरीच्या मुलांचे दोन वर्ग पाडायचे, असा त्यांचा बेत. ज्यांना येतं ते ‘उड़ान’, बाकीचे ‘नींव’, म्हणजे पाया.

मी प्रिन्सिपल मॅडमना विचारलं, “नींव से उड़ान में जा सकते हैं ना बाद में?”

मॅडम गोड हसल्या. “मॅम, नींव तो नीचे ही रहती है ना.”

शाळेचे चेअरमन साहेब टेबलाच्या टोकाला बसले होते. पूर्वी बिल्डर होते. विक्रम सरांनी तासभर स्लाइड्स दाखवल्या, मेंदू दाखवला, मेंदूतले रंग दाखवले. चेअरमन साहेबांचे डोळे मिटलेले. शेवटी सरांनी विचारलं, काही प्रश्न? साहेबांनी डोळे उघडले. “नींव वाले कमरे में बेंच कितनी लगेंगी?”

सर म्हणाले, “सर, वो तो डेटा बताएगा.”

“तो डेटा जल्दी भेजना. कारपेंटर को बोलना है.”

ऑफिसला परतताना मेट्रोत रेहाना म्हणाली, “ताई, झोया याच शाळेत आहे. तिसरी क.”

झोया रेहानाची मुलगी. माझ्या मांडीवर वाढलेली, मला मावशी म्हणते. आकड्यांची तिला उपजत समज आहे, पण विचारलं की ती आधी गप्प बसते, नीट बघते, मग बोलते. आणि बोलल्यावर समोरच्याचा आवाज जरा चढला, की बोललेलं गिळून टाकते.

“नींवमध्ये टाकतील हो तिला,” रेहाना म्हणाली. “एकदा टाकलं की पोरगी आयुष्यभर स्वतःला ढ समजेल.”

“तिची टेस्ट मी घेते.”

“नाही. घरातलं मूल घरातल्या माणसाने तपासायचं नाही. नियम आहे.”

“नियम तूच केलायस ना बाई.”

“म्हणून तर,” ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर काय, बोगदा होता.

\*

आम्ही अ तुकडीपासून सुरुवात केली. पहिल्याच दिवशी अंगद नावाचा मुलगा माझ्यासमोर बसला. गुटगुटीत, तेल लावून भांग पाडलेला. प्रश्न विचारायचा अवकाश, उत्तर तयार. एकही चुकलं नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर पठ्ठ्याने रडका चेहरा दाबला!

टेस्ट संपली की टॅबलेट आपला आपण निकाल देतो. त्याने दिला. “घबराएँ नहीं, हम साथ हैं. सुझाया गया वर्ग : नींव.”

नियमाप्रमाणे मी काही बोलायला नको होतं. पण मीही माणूस आहे. विचारलं, “बेटा, तुझे तो सब आता है. फिर ये रोने वाला क्यों?”

अंगद म्हणाला, “उसको कोई नहीं लेता, मॅम.”

मी हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. सर खुर्चीत मागे रेलले. “इमोशनली ओव्हरलोडेड चाइल्ड,” म्हणाले. “पेरेंट्स को कॉल कराओ.” आईला बोलावलं. आई ऑफिसमधून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली, रिपोर्ट वाचला, रडली. आता अंगद शनिवार-रविवार व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासला जातो. तिथं त्याला आरशासमोर उभं राहून ‘आय ॲम द बेस्ट’ म्हणायला लावतात. आरशातल्या त्या पोराचीही त्याला दया येत असणार.

\*

टेस्ट घेणाऱ्याने चेहरा मख्ख ठेवायचा, असाही नियम आहे. उत्तर बरोबर असो वा चूक, भुवईसुद्धा हलवायची नाही, नाहीतर मूल आपल्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखतं. सरांनी त्याचं खास ट्रेनिंग दिलं. आम्ही सगळे अर्धा दिवस एकमेकांकडे मख्खपणे बघत बसलो होतो. केदारला सर म्हणाले, “तुम नॅचरल हो.”

माणसं कमी पडली म्हणून एक दिवस केदारलाच शाळेत नेलं. त्याच्यासमोर एक चुणचुणीत मुलगी. तिने एका उत्तरावर केदारकडे पाहिलं. केदार मख्ख. दुसऱ्या उत्तरावर पाहिलं. मख्ख. चौथ्या-पाचव्या उत्तरानंतर तिने खुर्ची पुढे ओढली आणि हळूच विचारलं, “भैया, आपको भी नहीं आता?”

केदार नियमाला धरून गप्प.

तिने त्याच्या हातावर थोपटलं. “कोई बात नहीं. मेरे पापा को भी नहीं आता.”

केदार सांगतो, दिल्लीत आल्यापासून इतक्या मायेने त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं.

\*

ब तुकडीच्या क्लास टीचरना फार काळजी. आपल्या वर्गातली किती मुलं नींवमध्ये जातात यावर त्यांचं प्रमोशन अडकलेलं. त्या ‘मुलं घाबरतात हो’ म्हणत टेस्टच्या खोलीत येऊन रेहानाच्या मागे उभ्या राहिल्या. रेहानाला वाटलं, राहू दे बिचारीला.

पण समोरचं पोर उत्तर द्यायच्या आधी दर वेळी रेहानाच्या डोक्यावरून वर बघायचं. रेहाना मागे वळली. मॅडम बोटांनी आकडा दाखवत होत्या. तोही चुकीचा.

दुसरी कोणी असती तर भांडली असती. रेहाना मिरजेची आहे, ती भांडत नाही, नियम सांगते. आणि आमचा नियम असा, की टेस्टमध्ये एक जरी उत्तर दुसऱ्याने दिलं तरी ती टेस्ट मुलाच्या नावावर धरायची नाही. ज्याचं उत्तर, त्याचं नाव. मुलाची टेस्ट मागाहून नव्याने घ्यायची. रेहानाने टॅबलेटवर पोराचं नाव खोडलं आणि मॅडमना विचारलं, “मॅम, आपका पूरा नाम?”

मॅडमना वाटलं, सर्टिफिकेट मिळणार. स्पेलिंगसकट सांगितलं.

निकाल आला. “घबराएँ नहीं, हम साथ हैं. सुझाया गया वर्ग : नींव.” तो रीतसर शाळेच्या ऑफिसात गेला. ऑफिसने तो रीतसर यादीत चढवला. चेअरमन साहेबांनी एक बेंच वाढवून सांगितली.

\*

आता खरा घोळ सांगते. हा फक्त आमच्यासारख्या शहाण्यांच्याच हातून होऊ शकतो.

एका मुलाला मी विचारलं, सात आणि पाच किती?

“बारह.”

“पक्का?”

“तेरह.”

मी चमकले. पण टॅबलेटवर पुन्हा तोच प्रश्न. “पक्का?”

“ग्यारह.”

“पक्का?”

त्याने हात जोडले. “मॅम, आप ही बता दो.”

मी दुपारभर डोकं धरून बसले. अहो, मी स्वतः मास्तरीण होते! आपल्या वर्गात ‘पक्का?’ कधी विचारतात? उत्तर चुकलं की. बरोबर उत्तराला बाई ‘शाब्बास’ म्हणतात नाहीतर पुढच्या पोराकडे वळतात. बाईंनी मान तिरकी करून ‘नक्की का?’ विचारलं, की शहाणं पोर ओळखतं, आपलं चुकलं, बदला. हे पहिलीपासून शिकवलेलं असतं, आणि आम्ही तेच वाक्य आत्मविश्वास मोजायची पट्टी म्हणून वापरत होतो. विस्तव लावून ताप मोजण्यातला प्रकार.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी हे मांडलं. सर म्हणाले, “पर यही तो लो कॉन्फिडेंस है, उज्ज्वला जी. ब्यूटीफुल डेटा.”

मग मीही मागे हटले नाही. टेबलाभोवती सगळे होते. केदारला विचारलं, “आठ साते?”

“छप्पन्न.”

मी मान तिरकी केली. “नक्की का?”

संख्याशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतलेला माणूस तो. त्याने डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाला, “चोपन्न?” पलीकडच्या अकाउंट्सवाल्याने हळूच फोनवर कॅल्क्युलेटर उघडला. मी सरांकडे वळले. सर उठले. “लेट्स टेक इट ऑफलाइन,” म्हणाले आणि कॉफी आणायला गेले. सरांना ऑफिसात स्वतः कॉफी आणताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

‘पक्का?’ काही बदललं नाही. ब्रोशर छापून झालं होतं.

\*

मधे जानेवारीत आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या बसेस पानिपतला गेल्या. तिथल्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, दरवर्षी जातो आम्ही. फुलं वाहायची, घोषणा द्यायच्या, कोणीतरी भाषण करायचं, मग पुरीभाजीची पाकिटं. रेहाना झोयाला घेऊन आली होती.

व्यवस्था सबनीस काकांकडे. काका दिल्लीत आयुष्य काढलेले, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या कुठल्याशा सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. त्यामुळे दुसऱ्याच्या तोंडून आलेली माहिती त्यांना चालत नाही.

पाकिटांची खोकी एका झाडाखाली उतरवलेली होती. झोया त्यांच्याशेजारी बसून बसमधून उतरणाऱ्या माणसांकडे बघत होती. बराच वेळ बघितलं. मग उठली आणि काकांना म्हणाली, “आजोबा, पाकिटं कमी पडतील.”

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. मान तिरकी. “काय गं, पक्कं का?”

झोयाने तोंड उघडलं. आईकडे बघितलं, काकांकडे बघितलं. आणि तोंड मिटलं. “नाही. पुरतील.”

“शाब्बास,” काका म्हणाले आणि भाषणाला गेले. भाषण झकास झालं. रसद तुटली म्हणून आपण हरलो, हे सांगताना काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. आमचेही डोळे ओले झाले. त्यानंतर अर्ध्या तासात आमची रसद तुटली. शेवटच्या बसच्या माणसांना पाकिटं मिळाली नाहीत. त्यांनी चहाबरोबर बिस्किटं खाल्ली. खुद्द काका उपाशी.

झोयाने आपल्या पाकिटातल्या दोन पुऱ्या नेऊन काकांना दिल्या. काकांनी घेतल्या, आणि तोंडात घास असतानाच म्हणाले, “अगं, तुला कळलं होतं तर ठामपणे सांगायचं नाही का?”

परतीच्या बसमध्ये रेहाना रडली. झोया मांडीवर झोपली होती, म्हणून आवाज न करता. “ताई, तिला येतं हो,” एवढंच म्हणत होती. “तिला सगळं येतं.”

मला इतका राग आला होता. मी म्हटलं, “मग शिकवून ठेव तिला. काहीही झालं तरी हसरा चेहरा दाबायचा. सगळेच शिकवतायत.”

“मी शिकवलं तर ती टेस्ट माझी होईल. तिची कशी होईल?”

या बाईपुढे डोकं आपटावं, की तिचे पाय धरावेत, मला अजून ठरवता आलेलं नाही.

\*

आणि सगळे शिकवत होते, हे काही मी रागाच्या भरात बोलले नव्हते.

आमच्या टेस्टमध्ये राजम्याची बरणी असते. मुलाला दाखवायची आणि न मोजता विचारायचं, साधारण किती असतील? प्रश्न चांगला आहे, सरांचा नाही. सुरुवातीला उत्तरंही झकास यायची. एकाने सांगितलं, “पाव किलो.” एकीने बरणी हातात घेऊन फिरवली आणि म्हणाली, “हमारे घर के लिए कम है. चाचू भी खाते हैं.” टॅबलेटला यातलं काही चालत नाही, त्याला आकडा लागतो.

बरणीत राजम्याचे दाणे होते एकशे चाळीस. ब तुकडी होईपर्यंत हे पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचलं. रेहानाने त्या ग्रुपमधून ताबडतोब अंग काढून घेतलं आणि घरी विषय बंद ठेवला. बाकीच्यांनी पोरांकडून पाठ करून घेतलं. आमच्या सोसायटीतल्या एक बाई पार्कमध्ये मला अडवून विचारत होत्या, “अंदाजे का कोई गाइड मिलेगा क्या मार्केट में?”

दुसऱ्या दिवशी एक मुलगा समोर बसला. मी अजून पिशवीची चेन उघडत होते.

“एक सौ चालीस के आसपास,” तो म्हणाला. ‘आसपास’सुद्धा पाठ करून घेतलं होतं.

“अरे, अभी तो मैंने निकाला भी नहीं.”

“निकालने के बाद भी उतने ही होंगे ना, मॅम?” आणि त्याने हसरा चेहरा दाबला.

केदारच्या कॉम्प्युटरवर आत्मविश्वासाची रेघ छताला लागली. सर खूश. उत्तर फुटलंय, बरणी बदला, असं मी म्हटलं, तर म्हणाले, पालकांसमोर डेमो आहे, तोपर्यंत हीच राहू दे, उत्तर बरोबर आलं की हॉलमध्ये छान वाटतं.

इथे एक गोष्ट सरांना माहीत नव्हती. तो राजमा केदारने शिजवून खाल्ला होता. एकटा माणूस, रविवार, घरात काही नाही, बरणी बॅगेतच. डेमोच्या आदल्या दिवशी त्याने दुकानातून नवीन पाकीट आणून बरणी पुन्हा भरली.

मी पाहिलं तर दाणे चांगले टपोरे, आधीच्याच्या जवळजवळ दीडपट. विचारलं, “मोजलेस का रे?”

“मोजायचे कशाला, ताई? बरणीवर रेघ आहे. बरोब्बर त्याच रेघेपर्यंत भरलेत.”

आमचा डेटा या माणसाच्या हातात आहे, हे ध्यानात ठेवा.

\*

आता डेमो.

शाळेचा हॉल पालकांनी भरलेला. पहिल्या रांगेत चेअरमन साहेब, डोळे मिटून, समोर माइक. शेजारी प्रिन्सिपल मॅडम. स्टेजवर एक टेबल, दोन खुर्च्या, बरणी. टॅबलेटवर जे दिसेल ते मागच्या मोठ्या पडद्यावर दिसणार. मी आणि रेहाना मागच्या भिंतीशी.

सर मॅडमना म्हणाले, एखादं मूल द्या. मॅडमनी क तुकडीच्या रांगेवरून नजर फिरवली. “झोया को ले लीजिए. शांत बच्ची है, गड़बड़ नहीं करेगी.”

रेहाना तिथूनच म्हणाली, “सर, वो मेरी बेटी है. उसका टेस्ट अलग से—”

“तुम थोड़ी ले रही हो, रेहाना. मैं ले रहा हूँ. क वालों का टेस्ट बाकी है ना? इसका यही गिन लेंगे.” पालक हसले. सरांनी पडद्यावर नाव टाकलं, झोया शेख. रेहानाने माझं मनगट धरलं.

झोया खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते.

सर म्हणाले, “बेटा, सत्तावन किसके पास है? पचास के या साठ के?”

झोयाने जरा विचार केला. “साठ.”

“पक्का?”

तिने मख्ख चेहरा दाबला. सर हॉलकडे वळले. “देखा आपने? आंसर राइट है, पर कॉन्फिडेंस नहीं. ऐसे ही बच्चे नींव में खिलेंगे.” रेहानाची नखं माझ्या मनगटात रुतली. मला दुखत होतं, पण मी हात सोडवला नाही.

मग शेवटच्या प्रश्नासाठी सरांनी बरणी पुढे केली. “इसमें कितने राजमा होंगे? गिनना नहीं है.”

पालकांमध्ये कुजबुज सुरू झाली. सगळ्या हॉलला उत्तर पाठ होतं. झोयाने बरणी फिरवली, खालून बघितली, वरून बघितली. “नब्बे के आसपास.”

“नब्बे?” सर मोठ्याने हसले. हॉलही हसला. सरांनी मान तिरकी केली. “पक्का?”

झोयाने तोंड उघडलं. ते उघडलेलं तोंड मी काला अंबला पाहिलं होतं. मला वाटलं, गिळलं पोरीने. संपलं.

तिने पुन्हा एकदा बरणीकडे बघितलं. मग सरांकडे.

“सर, आपने गिने हैं?”

“ऑफ कोर्स, बेटा. एक सौ चालीस.”

“पक्का?” झोयाने विचारलं. उद्धटपणा नाही, हसू नाही. मान जराशी तिरकी.

सर हसले. हसता हसता त्यांचं लक्ष बरणीकडे गेलं. इतक्या महिन्यांत त्यांनी ती पहिल्यांदाच नीट बघितली असेल. त्यांनी केदारला शोधलं. केदार बुटाची लेस बांधत होता.

“एक सौ... बीस,” सर म्हणाले. सवयीने टॅबलेटवर टाइपही केलं. पडद्यावर आकडा उमटला.

“पक्का?”

“सौ,” सर म्हणाले, आणि एकशे वीस खोडून शंभर केले. “मतलब, सौ के आसपास.”

झोया मख्ख चेहऱ्याने बघत राहिली. तिला कोणी ट्रेनिंग दिलेलं नव्हतं. मग तिने टॅबलेट सरांकडे सरकवला.

“चेहरा, सर.”

सरांनी हॉलकडे पाहिलं, चेअरमन साहेबांकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं. आणि रडका दाबला.

पडद्यावर ही मोठी अक्षरं आली. “घबराएँ नहीं, हम साथ हैं. नाम : झोया शेख. सुझाया गया वर्ग : नींव.”

रेहानाने माझं मनगट सोडलं. खुर्च्यांच्या मधून शांतपणे चालत ती स्टेजवर गेली. टॅबलेट उचलला, झोयाचं नाव खोडलं आणि माइकवर म्हणाली, “रूल है, सर. जिसका जवाब, उसका नाम. झोया का टेस्ट अभी हुआ नहीं है.” आणि सगळ्या हॉलसमोर एकेक अक्षर दाबून नवीन नाव टाकलं.

“नाम : विक्रम. सुझाया गया वर्ग : नींव.”

चेअरमन साहेबांनी डोळे उघडले. पडदा वाचला. सरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि प्रिन्सिपल मॅडमकडे झुकले. माइक चालू होता.

“इनके नाप की बेंच है?”